सड्याचा सर्व्हे पावसाळ्यातच करा: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
सादर नमस्कार.

विमानतळाला सपाट, उंच, वस्ती नसलेली जागा लागते. कोकण-गोव्यात अशी जागा म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजेच कातळाचे उघडे पठार. सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ सड्यावर झाला, गोव्यातल्या मोपाचाही. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, अशी असते. मार्चमध्ये तिथे उभे राहिले तर ती खरीही वाटते: काळा कातळ आणि करपलेले गवत.

जूनच्या सरी पडल्या की त्याच कातळावर दिपकाडी फुलते. मागोमाग गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू ही रानफुले. ओल्या दगडाखाली देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर सापडतो. ऑक्टोबर सरेपर्यंत हा सगळा संसार आटोपतो. उरतात ते बोटभर मातीतले कंद आणि बी.

विमानतळाला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार आपल्या मंत्रालयाची पूर्वमंजुरी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालाला मात्र एका हंगामाची आकडेवारी पुरते आणि त्यातून पावसाळा वगळण्याचा प्रघात आहे. हवेतली धूळ मोजायला पाऊस नको, हे समजते. पण फुलांनाही तोच नियम? मग अहवालात ‘दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत’ असे छापून येते आणि ते खोटेही नसते. त्यात सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, म्हणजे जूनपर्यंत थांबायचा आग्रह धरणार कोण?

‘उशीर होईल’ हे उत्तर ठरलेले आहे. मोपाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, कारण परिसरातल्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती. स्थगिती उठली जानेवारी २०२० मध्ये. तेवढ्या काळात एक अख्खा पावसाळा येऊन गेला.

म्हणून मागणी एवढीच: सड्यावरच्या प्रकल्पांना जून ते ऑक्टोबरचा सर्व्हे सक्तीचा करा. कोणत्या तारखेला कुठे काय दिसले, ती यादी जनसुनावणीआधी मराठीतल्या सारांशात द्या. वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीत सड्यावरच्या बहुतेक प्रदेशनिष्ठ (फक्त याच भागात उगवणाऱ्या) वनस्पतींची नावे नाहीत, तेव्हा ‘अनुसूचीत नाही’ म्हणून त्यांना यादीतून गाळू नका.

आणि प्रकल्पात तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावायला दुसऱ्या सड्यावर खड्डे मारू देऊ नका. तिथेही पोटखराबाच लिहिलेले असते.

कळावे,
सड्यांवर फिरणारा एक वनस्पती-अभ्यासक