सोडायचाच तर धरायचा कशाला?

भांडुप, मुंबई
१२ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. रविवार हातात राहत नाही आता. फेब्रुवारीपासून आमचं अख्खं घर गळ टाकायला जातंय, पवईला. मी, सुषमा, मनवा, ओम, आणि मागच्या खेपेला तर आईसुद्धा आली होती. तुला हे सविस्तर सांगायचं कधीचं मनात होतं.

चाळीत आपल्या तळमजल्याला सांगलीकडचं एक बिऱ्हाड होतं, आठवतं? गावाहून कोणी आलं की त्यांच्याकडे नदीचा मासा शिजायचा आणि आपण दोघं नाक दाबून जिना चढायचो. 'चिखलाचा वास येतो' म्हणून ओरडायचोसुद्धा, त्यांना ऐकू जाईल असं. मासा म्हणजे भाऊच्या धक्क्यावरचा बांगडा, मांदेली, बोंबील. बाकीचे ते मासेच नव्हेत, अशी आपली खात्री. आणि पुढे माझी सोयरीक जुळली ती भिलवडीला, ऐन कृष्णाकाठी. चौदा वर्षं सुषमा माझ्या घरी समुद्राचे मासे रांधतेय, तेही आईच्या पद्धतीनं. तुझ्या माहेरी कुठला मासा खायचे, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. ते मला पवईच्या काठावर कळलं, आणि मनाला लागलं.

आमच्या ऑफिसातले एक काका तिथल्या महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचे जुने सभासद आहेत. त्यांनीच बोलावलं. तलाव तू बसमधून हजारदा पाहिलायस. १८९१ साली शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून तो बांधला, पण ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. विहार आणि तुळशी तलावांचं पाणी आपण अजून पितो, म्हणून तिथे गळ टाकायला कोणाला जाता येत नाही. पवईला मात्र ही मंडळी कित्येक वर्षं काठावर बसतायत. सहा वाजता पोचलो तर समोर हिरानंदानीच्या इमारतींचे दिवे पाण्यात हलत होते आणि अलीकडे जलपर्णीच्या पानांवर बगळे उभे होते. मागे गाड्यांचा आवाज होताच. पण पाण्याकडे तोंड करून बसलं की दहा मिनिटांत तो ऐकू येईनासा होतो.

पहिले दोन रविवार काहीच लागलं नाही. मी उत्साहाच्या भरात एका दुकानातून दहा फुटी जाड रॉड, त्यावर जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आणि करंगळीएवढे गळ घेऊन आलो होतो. दुकानदारानं ते मला खुशाल विकलं. ते सामान खाडीवरच्या मोठ्या माशांचं. काकांनी ते बाजूला ठेवायला लावलं आणि आपली सात फुटी हलकी काठी दिली. तंगूस केसाहून जरा जाड, गळ दहा नंबरचा, मुगाएवढं शिसं आणि मोरपिसाच्या देठाचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. "मासा आपल्या तोंडाएवढाच घास घेतो," म्हणाले. नवशिक्यानं चिलापीपासून, म्हणजे टिलापियापासून, सुरुवात करावी, असंही त्यांनी सांगितलं. चिलापी काठाजवळ फिरते, गांडूळ खाते, कणीक खाते, आणि पोरांना फार वेळ ताटकळत ठेवत नाही. कटला, रोहू, मृगळ हे पुढचे धडे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. म्हणजे फ्लोट वरखाली सरकवून गळ किती खोल सोडायचा हे ठरवलं, की कोणाला जेवायला बोलावलंय तेही ठरतं. ओमला हे इतकं आवडलं की तो आता घरी जेवताना कोण वरच्या पाण्यातला आणि कोण तळातला ते सांगत असतो.

कणकेचं वेगळंच. मी मळलेली कणीक पाण्यात पडताच विरघळायची, गळ रिकामा वर यायचा. आईला घरी हे सांगितलं तर तिनं काही न बोलता परात ओढली. कणीक, मूठभर भाजलेलं बेसन, चिमूटभर हिंग, पाणी अगदी बेतानं. पुरीला मळतो त्याहून घट्ट. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो गोळा गळाला पंधरा मिनिटं चिकटून राहिला. आई तोवर या सगळ्याच्या विरुद्ध होती, पण कणीक मात्र तेव्हापासून तीच मळते. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून त्याचे मुटके आम्ही आधी पाण्यात टाकतो, म्हणजे मासे जागेवर जमतात.

तिसऱ्या रविवारी फ्लोट थरथरला आणि मी लगेच काठी उचलली. रिकामी. पुन्हा तसंच. सुषमा मागे डब्याची पिशवी घेऊन बसली होती. ती उठून आली आणि म्हणाली, "अहो, तो आधी टोकतोय. टोकू द्या. घेऊन चालायला लागला की मग." माझ्या हातातून काठी घेऊन ती खाली बसली. फ्लोट दोनदा टिचक्या मारल्यासारखा हलला. तिनं काही केलं नाही. थांबला. मग आडवा होऊन तिरका सरकायला लागला, आणि तिनं मनगट नुसतं वर वळवलं. काठीचं टोक वाकलं. पंज्याएवढी चिलापी होती. संज्या, मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग तिनं सांगितलं, की लहानपणी ती वडिलांबरोबर संध्याकाळी घाटावर बसायची, मोठे भाऊ चुळबुळ करायचे म्हणून वडील तिलाच न्यायचे. चौदा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी त्या दिवसापासून आमच्यात शिकवायचं काम तिच्याकडे दिलं.

आता पोरांबद्दल, कारण तुझी दोघंही त्याच वयाची आहेत. पवईत मगरी आहेत. खऱ्या, आम्ही समोरच्या काठाला ऊन खात पडलेली पाहिलीय. त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, हात धुवायला वाकायचं नाही, आणि ओम आमच्या दोघांपैकी एकाच्या हाताला धरूनच. यात मी सवलत देत नाही. दुसरं म्हणजे गळ. एप्रिलमध्ये एक माझ्याच अंगठ्यात गेला, उलट्या काट्यासकट. डॉक्टरनं काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण ओमच्या डोळ्यात गेला असता तर काय, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती. त्यानंतर आमच्या सगळ्या गळांचे उलटे काटे मी पकडीनं दाबून सपाट केलेत. मासा क्वचित सुटतो, सुटू दे. काढताना त्यालाही कमी इजा होते. आणि शिसं दातानं दाबायचं नाही, मोठ्यांनीही नाही. शिसं विषारी असतं. तुटलेल्या तंगुसाचे तुकडे मनवा एका बरणीत गोळा करते, कारण तो पक्ष्यांच्या पायात अडकतो. दुसऱ्यांनी टाकलेलेही उचलते.

मनवाला पहिला मासा मे महिन्यात लागला. हात आधी ओले करायचे, हे तिनं सुषमाकडून शिकलं होतं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत. कोरड्या हातानं धरला तर ते निघून येतं आणि त्याला रोग होऊ शकतो. चिलापीच्या पाठीवर काटे उभे राहतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत ते मिटवायचे, छत्री मिटवतो तसे. मनवानं ते केलं. अंगठ्याखाली कल्ला उघडमीट होत होता, ती त्याच्याकडे बघत होती आणि श्वास रोखून होती. मग खाली जाळीत ठेवून तिनं तिला पाण्यात सोडलं.

पवईचा मासा आम्ही घरी आणत नाही. तलावात सांडपाणी येतं, आणि काकांचंही तेच मत. घरी येऊन मनवानं हे सगळं आजीला सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "सोडायचाच तर धरायचा कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या लेखी मासा गरवायचा तो पोटासाठी, आणि त्या जिवाला उगाच ओरबाडून परत पाण्यात टाकणं हा त्याचा छळ. ती चूक आहे असं मला अजूनही म्हणवत नाही. माशाला त्रास होतोच. आम्ही तो कमी करतो, पण होतोच. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि जूनपर्यंत जायचं थांबवलंसुद्धा.

मधे एकदा कर्जतजवळ ओळखीच्यांच्या शेततळ्यावर गेलो. तिथे रोहू-कटल्याचं बीज सोडलेलं असतं. हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यात वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी माशाला पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन पिल्लं मिळवली, तेव्हापासून हे तळ्यांतलं मत्स्यपालन एवढं वाढलं. तिथे सुषमानं दीड किलोचा रोहू काढला, आणि तो मात्र घरी आणला. मीठ, हळद, चिंचेचा कोळ चोळून तासभर ठेवला, मग कांदा-लसूण मसाल्यात. संज्या, चिखलाचा वास नव्हता! पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या चरबीत साठतं, तोच तो वास. पहिल्या पावसाच्या मातीचा वासही त्याचाच. आंबटानं ते मोडतं. भिलवडीच्या बायकांना हे आधीच माहीत होतं, नाव तेवढं माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या त्या काकू चिंच भिजत घालायच्या, ते मला त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या आठवलं. काटे मात्र फार, इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक. ओमला मी एकेक घास चाचपून भरवला. आई आधी नुसतं बघत होती, मग तिनं वाटीभर रस्सा मागून घेतला.

मागच्या रविवारी ती स्वतःहून म्हणाली, मी येते. खुर्ची नेली, काठापासून लांब ठेवली. जरा वेळानं ऊन वर आलं आणि काकांनी तिला बोलावून कडेचं उथळ पाणी दाखवलं. एक चिलापी एका जागी उभी होती आणि तिच्या तोंडाभोवती तांदळाच्या कणीसारखी पिल्लं, शंभरेक असतील. मनवाची सावली पाण्यावर पडली. मासोळीनं तोंड उघडलं आणि ती सगळी पिल्लं आत! पाणी एकदम रिकामं. आम्ही मागे सरलो, तर थोड्या वेळानं तिनं ती परत बाहेर सोडली. ही जात आफ्रिकेतली, १९५२मध्ये आपल्याकडे आणली, आणि पिल्लं अशी राखते म्हणूनच इतकी माजली की आपले देशी मासे मागे पडले. काका हे सांगत होते, पण आईचं लक्ष नव्हतं. ती वाकून पाण्यातच बघत होती.

परत येताना रिक्षात ती गावच्या ओढ्याबद्दल बोलायला लागली. "मृगाच्या पहिल्या पावसात आमच्या पऱ्ह्याला वलगण चढायची. मासे खालून वर यायचे, पोटं गाबोळीनं, अंड्यांनी टच्च. आम्ही टोपल्या लावायचो. रात्रभर. गाबोळीचेच मासे गोड लागतात म्हणून तेच आधी. एकही सोडला नाही कधी." मग बराच वेळ गप्प. भांडुप आल्यावर म्हणाली, "आता त्या पऱ्ह्यात काय नाही रे. गेल्या खेपेला गेले होते ना, काय नाही."

संध्याकाळी तिनं विचारलं, पुढच्या वेळी जायचंय का, म्हणजे कणीक भिजवते. मी हो म्हटलं.

तर आता तुझं. दिवाळीत ये, भाऊबीज उरकली की लगेच, वहिनी आणि पोरांना घेऊन. काकांशी बोलून ठेवलंय, तुमची परवानगी ते बघतील. पोरांना पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि टोप्या आण, डास आणि ऊन दोन्ही असतं. दुकानातून काही विकत घेऊ नकोस, हलक्या काठ्या आमच्याकडे चार आहेत. आणि नाशकात तुमच्याजवळ गंगापूरचं धरण आहे म्हणून परस्पर जाऊन बसू नकोस. धरणांवरची मासेमारी ठेक्यानं किंवा सोसायटीला दिलेली असते, तिथे आधी विचारावं लागतं.

आईनं तुला खास निरोप दिलाय: तुझ्यासाठी मांदेली तळून ठेवते, पण रोहूही खावा लागेल. सुषमा म्हणते, कोकमं संपत आलीत, येताना आणू नकोस, चिंच आण. तुमच्याकडची गावठी.

तुझा,
बाळ्या