तांब्याची पाल

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

गेल्या शनिवारी आपलं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचं, सेशन संपल्यापासून तुझं घुबड काही डोक्यातून जात नाहीये. सोट्याचा एक फटका बसला आणि एका एचपीचा (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल ते) तो जीव गेला. तू म्हणालास, "जाऊ दे, उद्या सकाळी परत बोलावतो." नियमाने तुझं बरोबरच होतं. १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि झाडपाला पितळी शेगडीत जाळायचा, तासभर मंत्र म्हणायचा, की घुबड पुन्हा हजर. पण दोन वर्षं तुझ्या पात्राच्या, राहीच्या खांद्यावर बसलेलं घुबड गेलं आणि आपल्यापैकी कुणी साधं 'अरेरे'सुद्धा म्हटलं नाही. हे मला लागलं रे.

म्हणून बसलो आणि राहीसाठी नवा फॅमिलिअर, म्हणजे सोबत राहणारा छोटा साथीदार, घडवायला घेतला. मंत्राने येतो तो प्राण्याचं रूप घेतलेला आत्मा. मला हवा होता कन्स्ट्रक्ट, कुणाच्या तरी हातांनी बनलेला. आठवतं, पहिल्याच दिवशी तू पात्राच्या शीटवर लिहिलं होतंस, 'राही, तांबटाची लेक'? नंतर आपण दोघंही ते विसरून गेलो.

काल सकाळी कसब्यात तांबट आळीत जाऊन आलो. एक आजोबा घंगाळावर मठारकाम करत होते. डाव्या हाताने भांडं सरकवायचं, उजव्या हाताने ठोका, एकाला लागून दुसरा, ओळ कुठे चुकत नाही. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. फारच कडक झालं की तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला घ्यायचं. त्या पत्र्यावर पडलेले बारीक खळगे बघता बघता मला त्यात खवले दिसायला लागले. आणि मग पालच दिसली.

शंकेची पाल चुकचुकते म्हणतो ना आपण? तीच ही. बोटाएवढी, तांब्याची, राहीच्या मनगटावर कड्यासारखी वेढून बसलेली. समोरचा काही लपवत असला, तर ३० फुटांच्या आत ती चुकचुकते आणि राहीला इनसाइटच्या, म्हणजे समोरच्याचं मन ओळखायच्या, फाशाला ॲडव्हान्टेज मिळतो. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा वर पडायला हवेत अशा वेळी एका फाशात ५० टक्के शक्यता असते, दोन टाकून मोठा धरला की ती ७५ होते. म्हणजे हे दान लहान नाही.

म्हणूनच ते आवरावं लागलं. पहिल्या मसुद्यात मी पाल कितीही वेळा चुकचुकू दिली होती. भाचीला बसवून एक प्रसंग खेळून बघितला, बाजारातला व्यापारी आणि त्याची चोरलेली अंगठी. पोरगी दर वाक्याला विचारायला लागली, "मामा, पाल चुकचुकली का?" व्यापाऱ्याचा हात थरथरतोय, तो सारखा दाराकडे बघतोय, हे मी जीव तोडून सांगत होतो, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तेव्हा कळलं की मी एक यंत्र देऊन तिचं कुतूहल काढून घेतोय. आता पाल दिवसातून एकदाच चुकचुकेल, तेही कोणत्या शब्दाला ते सांगणार नाही. शंका तिची, शोध राहीचा.

बाकीचे आकडे ठरवताना २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकातला, होमनक्युलस समोर ठेवला. तोही टायनी, म्हणजे अगदी लहान आकाराचा, कन्स्ट्रक्टच. त्याच्याकडून एसी (मारणाऱ्याला गाठावा लागणारा आकडा) १३ आणि ५ एचपी घेतले. त्याचे पंख आणि विषारी चावा मात्र घेतला नाही. घुबड सगळ्यांना का आवडतं, तुला माहीतच आहे: शत्रूजवळ जायचं, मदत करायची आणि फटका न खाता उडून यायचं. पालीला ते जमणार नाही. ती २० फूट चालते, २० फूट भिंतीवर चढते. पायाला बारीक हूक आहेत, त्यामुळे दगडावर चढते, पण काचेवरून आणि बर्फावरून घसरते.

शेपटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. खरी पाल जिवावर बेतलं की शेपूट टाकते, ती वळवळत राहते आणि शत्रू तिकडेच बघत बसतो. आपली पाल शून्य एचपीवर आली की शेपूट टाकून १ एचपीवर निसटते. पण तांब्याची शेपूट आपोआप उगवणार नाही. राहीने एक पूर्ण दिवस बसून, हातात हातोडी घेऊन ती घडवायची. तोवर पुढचा घाव तिचा शेवटचा.

क्लेरिकचा, म्हणजे पुजारी पात्राचा, जखमा भरणारा क्युअर वुंड्स हिला लागू पडत नाही, आपण खेळतो त्या नियमांत तो मंत्र कन्स्ट्रक्टवर चालतच नाही. मेंडिंग या डागडुजीच्या मंत्राने मी दुरुस्ती होऊ देणार आहे, पण त्याला मिनिटभर लागतं, म्हणजे चालू लढाईत नाही. दर दुरुस्तीला अंगावर एक नवा ठोका उमटेल आणि तो कशामुळे पडला ते तू शीटवर एका ओळीत लिहायचंस. आणि हो, ॲसिडचा मार हिला दुप्पट. आजी तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. त्यावरून हे सुचलं.

हे सगळं तुला जाचक वाटेल का, याचा मी खूप विचार केला. वाटलं तर स्पष्ट सांग, आकडे बदलू. पण मेली तर तासाभरात परत येणार नाही, हे मी बदलणार नाही. राहीने तिला दुरुस्त करताना तू गप्प बसावंस, एवढीच माझी इच्छा आहे. नाव मी ठेवलेलं नाही. ते तू ठेव.

पालीचं मिनिएचर, पटावर ठेवायची छोटी मूर्ती, पण केलंय. अंग एम-सीलचं, ओलं असतानाच खिळ्याच्या डोक्याने एकेक खळगा पाडला. शेपूट जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारेची, पीळ देऊन केलेली, भोकात नुसती खोचली की बसते आणि ओढली की निघते. उद्या कुरिअरने बंगळूरला पाठवतोय. शेपूट वेगळ्या पुडीत बांधली आहे. खोका उघडशील तेव्हा कागदाबरोबर ती फेकली जाणार नाही एवढं बघ.

तुझाच,
सुऱ्या