जागलीवरच्या काकांना, जाहीर

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही, गावाचं तर मुळीच नाही, असं तुम्ही फोनवर बजावलं, म्हणून हे पत्र बिनपत्त्याचं. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलं की रस्त्याला लागून ज्यांचा हरबरा आहे आणि जे थंडीत रात्रभर जागलीला असतात, त्यांच्यापैकी एकाला लिहितोय. तुमचा नातू वाचून दाखवील.

मास्तरच्या हाताचं प्लास्टर परवा निघालं. बोटं हलतात, खडू धरता येतो, म्हणजे त्याच्या वर्गातल्या पोरांचे मजेचे दिवस संपले. प्लास्टर काढताना डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले जे पहिल्या दिवशी म्हणाले होते: हात ज्यानं बांधला त्यानं अर्धं काम केलं होतं. तेव्हा ठरवलं, आता लिहायलाच पाहिजे.

आम्ही कुठून येत होतो हे त्या रात्री तुम्हाला तुटक तुटक कळलं, म्हणून नीट सांगतो. आम्ही चौघे एकाच शाळेतले दोस्त. एक झेडपीचा मास्तर, एक वायरमन, एकाची गाडी, आणि मी कृषी केंद्रवाला, ज्याला आख्खा सर्कल उधारीपायी ओळखतो. पणजीला जायचं हे कॉलेजपासून घोकलेलं. जायचं तर गाडीनेच. नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मग विजापूरवरून बेळगाव आणि चोर्ला घाट उतरून गोवा. घरी समुद्र सांगितला, आणि समुद्र पाहिलाही. पण ओढ होती मांडवी नदीत नांगरलेल्या त्या कॅसिनोच्या जहाजांची. आपल्या सरकारनं 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही, आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला ते चाक फिरताना पाहायचं तर गोवा गाठणं आलं. तिकडे उलटी तऱ्हा, गोव्याच्या माणसाला 2020 पासून खेळायला आत सोडत नाहीत. हरायचं काम पाहुण्यांचं.

धक्क्यावर पैसे भरले की मनगटाला पट्टी बांधतात आणि छोटी बोट जहाजावर नेऊन सोडते. आत गालिचे, गाणी, फुकटचं जेवण, पावलोपावली 'सर'. रूलेच्या चाकावर शून्य धरून 37 घरं असतात आणि आकडा लागला तर 35 पट मिळतात. मास्तरनं हे गणित उभ्या उभ्या मांडलं, हे चाक कोणाच्या बाजूचं आहे ते आम्हाला समजावलं, आणि मग स्वतःच खेळायला बसला. चिप्स सरल्या तशी 'सर' म्हणणारी माणसं दुसऱ्या टेबलाला लागली. त्यांच्यावर राग नाही, धंदाच तो. उलट लय मजा आली, हेही खोटं कशाला सांगू.

परतीच्या रात्रीचं मात्र लिहून ठेवतो: गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घेतला नव्हता. हे आधी सांगायचं कारण असं की त्या रात्री आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला गेला. लागलं का, हे त्यानंतरही कोणी विचारलं नाही.

रोही आडवा आला. शहरातल्या वाचकाला नीलगाय म्हटलं की हरणासारखं काही वाटतं. घोड्याएवढं जनावर असतं, वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे भरतो. बोनेट आत गेलं, रेडिएटर फुटला, समोरच्या काचेचा चुरा मांडीवर आला. रोही उठून अंधारात गेला. मास्तरचं कपाळ फुटलं आणि उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला.

पहिली जी गाडी थांबली ती मोठी होती, नवीन. काच खाली झाली, आतून मोबाईलचा उजेड आमच्यावर पडला. आम्हाला वाटलं बिचारे उजेड धरतात. शूटिंग चालू होतं. "पिऊन होते काय?" असा आतून आवाज आला आणि काच वर गेली. मग एक ट्रॅव्हल्स हॉर्न देत, आम्हालाच शिव्या घालत निघून गेली. रस्त्यात मदत पोचवतो म्हणून जी कंपनी विम्यासोबत दर वर्षी जास्तीचे पैसे घेते तिला फोन लावला. पलीकडच्या ताईनं जवळचा लँडमार्क विचारला. आम्ही सांगितलं, एका बाजूला पराटी, म्हणजे कपाशी, दुसऱ्या बाजूला हरबरा. ती 'ओके सर' म्हणाली. ती गाडी अजून यायची आहे.

आणि मग तुम्ही आले.

टॉर्च होता तुमच्या हातात, पण तो तुम्ही आमच्या तोंडावर मारला नाही. जमिनीवर धरून, आपल्याच पायांसमोर उजेड पाडत बांधावरून उतरले. "लेकरं हायेत काय गाडीत?" हे पहिलं बोलले. नाही म्हटल्यावर तुमचा श्वास सुटल्याचा आवाज मला आला. मग मास्तरजवळ बसले, हात नुसता पाहिला, शिवले नाही. "हालवू नोको बावा," एवढं म्हणून उठले आणि पाठ फिरवून चालू लागले. काका, खरं सांगतो, वायरमन मला म्हणाला, गेलं हेबी.

तुम्ही कुंपणापाशी गेले होते.

ज्यांनी आपल्याकडची वावरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तारेच्या कुंपणाचा खर्च सगळ्यांना पेलत नाही. मग काठ्या रोवायच्या आणि घरच्या, सोयऱ्यांच्या, बाजारातून विकत आणलेल्या जुन्या साड्या त्यांना चहूकडून बांधायच्या. वाऱ्यानं हलल्या की जनावर बिचकतं, निदान थोडे दिवस. दिवसा रस्त्यावरून ते रंगीत वावर पाहून लोक फोटो काढतात. त्या रात्री तुमचा उजेड एकेका साडीवरून सरकत होता. हिरवी. मग मोठ्या फुलांची. मग जरीच्या काठाची, कोणाच्या तरी लग्नातली. प्रत्येकीचं कापड तुम्ही दोन बोटांत धरून चोळून पाहत होते. मी ओरडलो, काका, कोणतीबी चालते! तर तुम्ही तिकडूनच म्हणाले, "नायलॉनची चिरते रे. थांब."

एक विटलेली सुती साडी तुम्ही निवडली. दवानं गाठ आवळली होती, ती दातांनी सोडली. मचाणाच्या छपरातून दोन सरळ तुराट्या उपसल्या. साडी मधोमध फाडली, एका तुकड्यानं तुराट्यांमध्ये हात बांधला, दुसऱ्याची झोळी करून गळ्यात अडकवली. आणि झोळीची गाठ मानेच्या मणक्यावर न आणता बाजूला, खांद्याकडे सरकवली, टोचू नये म्हणून. डॉक्टरांनी ज्या बांधणीचं कौतुक केलं ती ही. कुठं शिकले विचारलं तर म्हणाले, बैलाचा पाय बांधता येते त माणसाचा हात काय जड हाय.

कॅसिनोची ती पट्टी अजून मनगटावर होती आणि सुजेत रुतत चालली होती. विळ्याचं टोक हलकेच खालून घालून तुम्ही ती कापली. "हे काय होय?" विचारलं. आम्ही सांगितलं. "जितले?"

"नाही."

"मंग बरं. जितले असते त पुन्हा गेले असते."

मास्तर त्या हालतीत फसकन हसला. डोक्याला मार आहे, शुद्धीत आहे की नाही या काळजीत आम्ही होतो, ती त्या हसण्यानं गेली.

तुमच्या हाकेला कापसाचा मेटॅडोर थांबला. आमच्या हातवाऱ्यांना तो थांबला असता की नाही, देव जाणे. मास्तरला कापसाच्या ढिगावर निजवून आम्ही तालुक्याला नेलं. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं आधी डिपॉझिट किती भरता ते विचारलं. त्याच्यापुढचं लिहून तोंड कडू करत नाही. दुसऱ्या ठिकाणी नीट झालं.

पण मला मास्तरच्या हातापेक्षा जास्त आठवते ती रिकामी काठी. सकाळी गाडी न्यायला आलो तेव्हा उजेडात दिसली. सगळ्या कुंपणात साड्या, आणि मध्येच दोन काठ्यांच्या मधात मोकळी जागा, त्या जागेतून आत गेलेले खूर, आणि वीतभर हरबऱ्याच्या काही ओळी मुळापासून चरलेल्या. ज्या रोह्यापायी तुम्ही डिसेंबरच्या थंडीत जागत होते, त्यालाच तुम्ही वाट करून दिली होती. आणि तुम्ही तिथं थांबले नव्हते, कारण आमची गाडी राखत रस्त्यावर बसले होते. आमच्या बॅगा, मोबाईलचे चार्जर, बेळगावच्या कुंद्याचा डबा, सगळं जागच्या जागी. मी खुरांकडे पाहतोय हे पाहून तुम्ही म्हणाले, "खाल्ला थोडा. त्याले बी पोट हाय." नायलॉनची साडी काढली असती तरी फट पडलीच असती, हे मला कळतं. पण हाताला काय सोसेल हे कापड चोळून पाहायला जो वेळ तुम्ही त्या अंधारात दिला, तेवढा वेळ आम्हाला त्या आख्ख्या रात्रीत दुसऱ्या कोणी दिला नाही.

आमच्या तालुक्यात समाजसेवकांचे बॅनर विजेच्या खांबांहून जास्त आहेत. वाढदिवस असो, पुण्यतिथी असो, प्रत्येक सेवकाचे हात जोडलेले. त्यातला एक त्या मोठ्या गाडीत असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. गाडगेबाबांच्या मुलखातले म्हणवतो आपण, आणि रस्त्यावर पडलेला माणूस दिसला की आधी कॅमेरा काढतो. लोक म्हणतात, भानगडीत कोण पडणार, पोलीस साक्षीला बोलावतात. तर त्यांच्यासाठी लिहितो: सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये याची नियमावली पक्की केली, आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं. जखमीला पोचवणाऱ्यानं आपलं नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. काका, तुम्ही नाव लपवता ते कायद्याला धरूनच आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवलं तर सरकार 25,000 रुपयेही देतं. आपलं प्रकरण त्यात बसतं का, हे मास्तर डाव्या हातानं कागद उलटून वाचत होता. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणाले, कागदं तुमचे तुम्ही रंगवा, मले वखत नाही.

आणखी एक डोक्यात येतं. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग येणार म्हणतात, पवनारपासून पत्रादेवीपर्यंत, पहिल्या आराखड्यात 802 किलोमीटर. समृद्धीसारखा दोन्ही बाजूंनी बंदिस्त रस्ता. तो झाला की आमच्यासारखे सुसाट जातील, रोहीही बहुतेक आडवा येणार नाही, आणि ते चांगलंच. पण बांधावरून टॉर्च घेऊन उतरणारा माणूसही त्या रस्त्यावर येऊ शकणार नाही. आम्ही वाचलो ते रस्ता वावराला चिकटून होता म्हणून. हे म्हणणं अडाणीपणाचं वाटेल, वाटू द्या.

सकाळी आम्ही पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतला. कुंद्याचा एक तुकडा मात्र खाल्ला, दुसरा नातवासाठी कागदात बांधून घेतला. मग आमच्यातला एक वायरमन आहे हे कळल्यावर तुम्ही त्याच्याकडे वळून जे विचारलं, त्यानं तो आजवर अस्वस्थ आहे. "पैसे राहू दे. दिवसाची लाईन कधी देता ते सांग. रात्री पाणी द्यायचं, रात्री जनावर हाकलायचं, आन् दिवसा कापूस वेचायचा. झोपावं कधी?" तो गप्प उभा राहिला. त्याच्या हातात काही नाही हे तुम्हालाही माहीत होतं, पण विचारणार दुसऱ्या कोणाला? साहेब काही तुमच्या वावरात रात्री बंद पडत नाहीत.

आता कामाचं. हरबरा घाट्यावर आला असेल, म्हणजे जनावराचा जोर वाढला असणार. मी दुकानाच्या दारात एक मोठं खोकं ठेवलं आणि बायाबापड्यांना सांगितलं की जुन्या साड्या इथं टाका. कशासाठी ते सांगितलं तर एका आठवड्यात खोकं पुरलं नाही, आता पोत्यात भरतोय. पुढच्या रविवारी सगळं घेऊन येतो. मास्तरच्या बायकोनं तुमची ती सुती साडी धुऊन दोन्ही तुकडे जोडून ठेवली आहे, तीही परत आणतोय. वेगळ्या पिशवीत एक कोरी आहे, ती काकूंसाठी, माझ्या आईनं निवडलेली. कृपा करून ती कुंपणाला बांधू नका.

वायरमन येतोय सोबत. तो दिवसाच्या लाईनचं विचारून आलाय म्हणतो, पण उत्तर आम्हाला सांगत नाही. त्याला खुशाल धारेवर धरा.

तुमचा,
कृषी केंद्रवाला