छोटूचं घड्याळ

प्राग, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर छोटू नुसता "घड्याळ, घड्याळ" ओरडत होता, तुम्हाला काही उलगडा झाला नसणार. म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेला सुट्टी लागली तसं मी ठरवलं, याला आता प्राग नीट दाखवायचं. किल्ला, पूल, चौक असं सगळं मनात होतं. पण जुन्या चौकातल्या नगरभवनाच्या घड्याळापाशी तो जो थांबला, तो हलायलाच तयार होईना.

बाबा, हे घड्याळ 1410 सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य दिसून जातात, बाजूचा हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. कोंबडा आरवला की गर्दी पांगते. छोटू मात्र तिथून पुढेच पाहायला लागला. खिडक्यांखालच्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र कोणत्या राशीत आहेत ते दिसतं. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा. तो कलेप्रमाणे फिरतो, तोही गोळ्याच्या आत बसवलेल्या वजनाच्या जोरावर. मेष, वृषभ त्याला तुमच्यामुळे पाठ आहेत, त्यामुळे त्याने राशी स्वतःच ओळखल्या.

आणि आई, तू राहुकाळ पाहतेस ना, दिनमानाचे आठ भाग करून? इथे सूर्योदय ते सूर्यास्त असे बारा भाग केले आहेत. दिवस मोठा तर भाग मोठा. प्रागमध्ये जूनचा दिवस सोळा तासांचा आणि डिसेंबरचा जेमतेम आठ, म्हणजे उन्हाळ्यातला एक भाग हिवाळ्यातल्याच्या दुप्पट! सर्वांत खालच्या तबकडीवर बारा महिन्यांची शेतकामाची चित्रं आहेत: मार्चमध्ये नांगरट, जुलैत कापणी, सप्टेंबरात पेरणी. ती योसेफ मानेस या चित्रकाराची. भिंतीवर आहे ती प्रत, मूळ चित्रं संग्रहालयात जपली आहेत.

इथे एक कथा फार सांगतात. असं घड्याळ दुसऱ्या कुणासाठी करू नये म्हणून कारागिराचे डोळे काढले, अशी. मी छोटूला सांगितलं की हे खरं नाही. कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने ते घडवलं, एवढं कागदोपत्री आहे. मुलाला खरं सांगता येत असताना भयंकर खोटं कशाला सांगायचं?

खरंही काही कमी भयंकर नाही. मे 1945 मध्ये, युद्ध संपता संपता, जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरभवन पेटलं. घड्याळ जळालं, लाकडी शिष्य जळाले. इमारतीची एक बाजू परत बांधलीच नाही, तिथे आजही मोकळी जागा आहे. हे सांगावं की नाही, मी घुटमळले. पण ती रिकामी जागा त्यालाच दिसली होती, मग टाळलं नाही. त्याचा पहिला प्रश्न काय असेल सांगा? "मग दुरुस्त कुणी केलं?"

बाबा, हा प्रश्न तुमचा आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून घरी आल्यावर तुम्ही कुठलीही बंद वस्तू हातात घेऊन हेच विचारायचात. मी सांगितलं, सुखार्दा नावाच्या शिल्पकाराने शिष्य नव्याने कोरले आणि 1948 मध्ये घड्याळ पुन्हा चालू झालं. 2018 च्या दुरुस्तीत तर विजेवर चालणारी यंत्रणा काढून 1860 च्या दशकातली जुनी परत बसवली. यावर त्याला सतरा शंका, आणि दातेरी चाकांपुढे माझी अक्कल संपते.

पूलही पाहिला, चार्ल्स राजाने 1357 मध्ये सुरू केलेला. 1890 च्या पुरात त्याच्या तीन कमानी गेल्या होत्या, त्या परत बांधल्या. कोणत्या त्या शोधत छोटू पूलभर फिरला.

म्हणून म्हणते, सप्टेंबरात या. हवा चांगली असते, दिवस पुरेसा मोठा असतो. रस्ते दगडी आहेत, पण चौकाजवळ ट्राम येते आणि नगरभवनाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, तेव्हा आईच्या गुडघ्यांची काळजी नको. व्हिसाची कागदपत्रं मी पाठवते. आई, रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा घे आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून आण. बाबा, भिंग घेऊन या. छोटूने तुमच्यासाठी प्रश्नांची वही केली आहे.

तुमची,
माई