फोनवर जमलं नसतं म्हणून

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर 'हॅलो' म्हटल्याबरोबर आई, तुला सगळं कळतं. म्हणून लिहितेय. गेल्या महिन्यात मी आणि छोटी वेगळ्या घरात राहायला आलो. लंडनमधल्याच केंटिश टाउनमध्ये. मारहाण वगैरे काही नाही. बाबा, तुम्ही पहिलं तेच विचाराल. मावशीसारखं नाहीच. पण आठ वर्षं खूप झाली. घाईत काही केलेलं नाही. नोकरी पक्की आहे, छोटीची शाळा तीच आहे.

घर लहान आहे, पण ऊन येतं. गरम पाणी चोवीस तास. कुकर आणला. मेथीसुद्धा मिळते, महाग का होईना.

खोल्या बघत फिरताना बुची एमेचेटा सारखी आठवायची. नायजेरियातल्या लागोसची लेखिका, १९६२ मध्ये नवऱ्यामागे लंडनला आली. तिच्या 'सेकंड-क्लास सिटिझन' (१९७४) कादंबरीतली आडा याच भागात खोली शोधते. तेव्हा 'काळ्यांना जागा नाही' असं सरळ लिहिलेलं असायचं. म्हणून आडा फोनवर नाक दाबून बोलते, आफ्रिकन उच्चार लपवायला. घरमालकीण हो म्हणते, आणि दारात तिचं तोंड पाहिल्यावर म्हणते, खोल्या आत्ताच गेल्या. लागोसमध्ये हीच आडा चांगल्या पगारावर होती, नवऱ्याचं शिक्षण तिच्या पैशावर चाललेलं! पुढे तो तिचं पहिलं हस्तलिखित जाळतो. एमेचेटाच्या बाबतीत खरंच घडलं होतं ते. मग ती मुलांना घेऊन बाहेर पडली.

माझं तसं काही नाही हो. त्या पाट्यांवर १९६८ च्या कायद्यानं बंदी आली. तरी एजंटचा फोन आला की माझा आवाज आपोआप बदलतो, आणि आडनाव मी अर्धंच सांगते. बाबा, रागावू नका. हरवलीस तर मोठ्यानं काय सांगायचं, हे जत्रेला जाताना तुम्ही घोकून घ्यायचात ना: नाव, पूर्ण आडनाव, खणभाग, सांगली. तुमचं बोट कधी सोडलंच नाही, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही. छोटीकडून आता तेच घोकून घेते. आडनाव पूर्ण.

आई, बीपीची गोळी रोज घ्यायची, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. बाबांनी स्टुलावर चढून माळा काढायचा नाही. बाथरूममध्ये रात्री दिवा चालू ठेवा, बिल मी भरते. आत्याला इतक्यात सांगू नका, मी सांगेन.

रविवारी फोन करते. छोटीशी आधी बोला.

तुमची,
बेबी