निमूट मार खायला काय लागतं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अहिंसेवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांची शैली ओघवती आहे, यात वाद नाही. त्या ओघात त्यांनी दांडीचं मीठ 12 मार्चलाच उचलून टाकलं. त्या दिवशी गांधीजी साबरमतीहून नुकते निघाले होते, मीठ उचललं 6 एप्रिलला. मधली पायपीट वाचवल्याबद्दल सत्याग्रहींच्या वतीने आभार!

पण पत्र त्यासाठी नाही. त्याच लेखातलं 'निमूट मार खायला काय लागतं?' हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही.

माझे आजोबा 1930 साली लालबागच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. वय 19. वडाळ्याच्या मिठागरावर 1 जूनला हजारो माणसं लोटली, त्यात तेही. चिखलात उतरून मूठभर मीठ उचललं आणि उजव्या मनगटावर लाठी बसली. 'मग मूठ उघडली का हो?' आम्ही पोरं विचारायचो. 'उघडली रे, दुखत नव्हतं का?' शाळेतल्या 15 ऑगस्टच्या भाषणात मी मात्र 'मूठ उघडली नाही' असंच ठोकून द्यायचो.

हाड वाकडं जुळलं. तुटलेला धागा जोडता येईना, तेव्हा जॉबरने, म्हणजे मुकादमाने, साच्यावरून काढलं. पुढे जन्मभर डाव्या हाताने जेवले. लग्नात लोक बघतात म्हणून पंगतीतलं कोपऱ्यातलं पान धरायचे.

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनला गेले, तर किमान 6 महिने तुरुंगवासाचा दाखला मागितला. यांना वरळीच्या छावणीत चार दिवस ठेवून सोडलेलं. टेबलापलीकडच्या साहेबांना त्यांनी मनगट दाखवलं. साहेब म्हणाले, 'आजोबा, हे फायलीला कसं लावू?'

क्रांतिकारकांबद्दल लेखकाने लिहिलं ते योग्यच. त्यांना मोठं करायला इतरांना भेकड कशाला ठरवायचं? त्याच वर्षी 12 डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढून न हटलेला बाबू गेनूही गिरणी कामगारच होता. त्याच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. जागा नसेल!

जागेवरून आठवलं. आमच्या चाळीच्या पाण्याबद्दलचं माझं मागचं पत्र आपण तीन ओळींत उरकलंत, आणि त्यात 'गढूळ' हा शब्दच गाळलात. या वेळी कापायचंच असेल तर वरचं ओघवत्या शैलीचं कौतुक कापा. मनगट राहू द्या.

– एक जुना वाचक, नायगाव, मुंबई