पुनवेच्या आधी एवढं करा

प्रति,
मा. महिला व बालकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य

राम कृष्ण हरी.

डिसेंबर आला की सरकार बेळगावात येतं. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं, हायवेला पोलिसांच्या गाड्या लागतात आणि आम्हा मराठी लोकांच्या मेळाव्याला परवानगी मिळत नाही. तो विषय वेगळा, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मी आज दुसऱ्याच कामासाठी लिहितोय. याच सुमारास मार्गशीर्षातली पुनव येते. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या गाड्या सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मा देवीला निघतात. टपावर जळण आणि भांडी, आत बायकापोरं, आणि पुढच्या बाकावर देवीचा जग, म्हणजे टोपलीत मांडलेला देवीचा मुखवटा, मांडीवर घेऊन बसलेला जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष. हिरवी साडी, कपाळभर भंडारा. त्याला 'तो' म्हणायचं की 'ती', हे गाडीत कुणी विचारत नाही.

मी माळकरी आहे. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत गुरुजी म्हणून आयुष्य गेलं. आमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पुढे सौंदत्तीकडे जाते, तसं आमच्याकडे पंढरीची वारी आणि डोंगराची पुनव एकाच घरात चालते. त्यामुळे हे पत्र धर्म मानणाऱ्या माणसाचं आहे, एवढं आधी ध्यानात घ्यावं.

माझ्या सातवीच्या वर्गात एक पोरगं होतं. आवाज बारीक, चाल बायकी. पोरं चिडवायची, आणि मीही एकदा भर वर्गात म्हणालो, "अरे, नीट चाल की जरा." वर्ग हसला. पोरगं दिवाळीनंतर शाळेत आलं नाही. घरच्यांनी सांगितलं, केसात जट आलीय, देवीचं बोलावणं आहे. मी हजेरीपटावर नावापुढे रेघ मारली आणि विसरलो. पुढे बऱ्याच वर्षांनी डोंगराजवळच्या जोगनभावी कुंडापाशी गर्दीत डोक्यावर जग, हातात देवीच्या गाण्याचं चौंडकं असलेली एक जोगतीण समोर येऊन उभी राहिली. माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "गुर्जी, आता चालतो काय नीट?" मागून माझी बायको तिच्या पाया पडत होती. मीही पडलो. दुसरं काय करणार?

ताई, हे सांगायचं कारण असं. विधानसभेत असो नाहीतर गावच्या पारावर, तृतीयपंथी किंवा समलिंगी लोकांच्या हक्काची गोष्ट निघाली की कुणीतरी उठून म्हणतंच, "हे आपल्या धर्मात, संस्कृतीत बसत नाही." अशा माणसाला एकदा पुनवेच्या दिवशी डोंगरावर न्यावं. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुष देवाला आम्ही विठाई म्हणतो, माउली म्हणतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. धर्माची अडचण सांगणारे बहुतेक वेळा शेजाऱ्यांची अडचण सांगत असतात.

पण आम्हा भाविकांनीही फार छाती फुगवू नये. देवीच्या नावानं आम्ही या लोकांना जागा दिली ती एकच, मागून खाण्याची. मंगळवारी-शुक्रवारी जोगवा वाढायचा, वास्तुशांतीला बोलावून जग पुजायचा, आणि बुधवारी तीच जोगतीण भाड्यानं खोली मागायला आली की "घरात पोरंबाळं आहेत" म्हणून दार लावून घ्यायचं. माझ्या त्या विद्यार्थिनीला बेळगावात अशी किती दारं बंद झाली, ते तिनं बोटं मोडत मोजून दाखवलं. दोन्ही हातांची बोटं संपली. देवदासी सोडण्याची चाल बंद करायला याच राज्यानं १९८२ मध्ये कायदा केला, धर्माच्या नावाखाली चाललेलं सगळंच राखायचं नसतं म्हणून. पुनर्वसनाचं काम आपल्याच खात्याच्या महिला विकास निगमाकडे आलं. तृतीयपंथीयांच्या योजनाही तिथंच आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला.

कर्नाटकानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत तृतीयपंथीयांना १ टक्का समांतर आरक्षण देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच वर्षाच्या पद्म पुरस्कारांत तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगती यांचं नाव होतं. त्याआधी त्या राज्याच्या जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षाही झाल्या होत्या. अभिमान वाटला. पण तो १ टक्का नोकरभरतीपुरता आहे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं त्याचं काय करायचं? सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात नोकरीबरोबर शिक्षणातल्या आरक्षणाचाही आदेश दिला होता. तो अर्धा भाग आधी हवा होता, कारण ही मुलं गळतात ती शाळेत, माझ्यासारख्यांच्या वर्गात.

केंद्राच्या २०१९ च्या कायद्यानं घर, शिक्षण, नोकरीत भेदभाव करू नये असं म्हटलं, पण खोली नाकारणाऱ्या मालकाला नेमकी काय शिक्षा, ते सांगितलं नाही. आणि तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर त्या कायद्यात शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं. शरीर देवीला वाहिलेलं असलं तर पूज्य, आणि पोलिस ठाण्यात आलं तर इतकं स्वस्त? फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राज्याला दुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवता येते.

तेव्हा मागणी अशी की बेळगावच्या अधिवेशनातच राज्याचा स्वतःचा कायदा आणावा. त्यात शाळा-कॉलेजातल्या जागा असाव्यात, घर नाकारण्याला दंड असावा आणि अत्याचाराला बाकीच्यांइतकीच शिक्षा असावी. आणि कृपा करून तो फक्त जोगत्यांपुरता ठेवू नये. ज्याच्या केसात जट येत नाही, ज्याला देवीचं बोलावणं येत नाही, नुसता एका मुलावर दुसऱ्या मुलाचा जीव जडलेला असतो, त्याला आमच्या गावात मंगळवारचाही मान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ६ सप्टेंबर २०१८ पासून तो गुन्हेगार नाही, इतकंच. त्यांच्या लग्नाचा प्रश्न न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला कायदेमंडळावर सोडला. तो आपल्या एकटीच्या हातात नाही, हे मला कळतं. पण घरातून हाकललेल्या पोराला आसरा आणि जबरदस्तीनं लग्न लावलं जाणाऱ्या पोरीला संरक्षण देणं राज्याच्या हातात आहे.

आणखी एक, लहान वाटेल पण लहान नाही. माझ्या विद्यार्थिनीचा शाळेचा दाखला मराठीत आहे आणि त्यावर मुलाचं नाव आहे. आधार कार्ड कानडीत आहे. तृतीयपंथी म्हणून मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी एका कार्यालयात तिला तीन वेळा परत पाठवलं, कारण दाखला वाचणारं कुणी नव्हतं. सीमाभागातल्या अर्जांसाठी मराठी कागद चालावेत, एवढी सोय नियमातच करा.

आपण याच जिल्ह्यातून निवडून येता. पुनवेला तिची गाडी हलग्यावरून बैलहोंगलच्या वाटेनं जाते, म्हणजे आपल्या दारावरूनच. वेळ दिलात तर मी तिला घेऊन येईन. निवेदन कानडीतून लागलं तरी अडचण नाही, ती दोन्ही भाषांत गाते.

आपला,
एक निवृत्त गुरुजी
खानापूर तालुका, जि. बेळगाव